डोलकाठीवरची तार



डोंगरात बसून समुद्राच्या गोष्टी सांगणारा माणूस एक तर नवखा असावा, नाही तर थापाड्या, असे आपल्याकडे समजतात. मुळशीच्या लोकांपुढे बोटीवरच्या बिनतारी तारेचा इतिहास सांगावयास मी उभा आहे, तेव्हा आपल्यापैकी काहींच्या मनात हाच विचार आला असेल. परंतु समुद्र आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपल्या मुळेचे पाणी मूळचे पूर्ववाहिनी. पुण्याला मुठेशी गाठ घ्यावयाची आणि भीमेच्या वाटेने पुढे जावयाचे, हा त्याचा पिढ्यान् पिढ्यांचा रस्ता. ते धरणाने अडविले, बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडले, आणि तेथून ते कुंडलिकेच्या पात्रातून रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत जाऊन समुद्राला मिळू लागले. सेनापती बापटांच्या आणि मावळ्यांच्या सत्याग्रहाची कथा आपल्याला मुखोद्गत आहे, ती मी पुन्हा सांगत नाही. एवढेच सांगतो की, ज्या किनाऱ्याची हकीकत आज सांगावयाची आहे तेथे आपल्या शेतांवरून गेलेले पाणीच खारे होते.

भिऱ्याचे वीजघर सुरू झाले ते १९२७ साली. त्या एका सालात आणखी काय काय घडले पाहा. आपल्या शेजारच्या खडकीहून विलायतेशी बिनतारी तारायंत्राचे दळणवळण सुरू झाले. संदेश सोडावयाचे केंद्र खडकीला आणि तिकडून आलेले संदेश झेलावयाचे केंद्र दौंडला, अशी व्यवस्था होती. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गाणी ऐकू येऊ लागली. आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला कोकण किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. पत्रिका जुळवावी तशी मी ही सालांची जुळवाजुळव करीत नाही. मला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. खडकीच्या माळावरून निघालेला शब्द सात समुद्र ओलांडून लंडनला पोचत होता. मग भाऊच्या धक्क्यावरून निघून समोरच्या रेवसला जाणाऱ्या बोटीला, आपण बुडतो आहोत एवढे तरी ओरडून सांगण्याची सोय पुढली वीस वर्षे का मिळाली नाही?

हे यंत्र विद्वानांचे आहे, आपल्याला काय कळणार, असे कोणी मनात आणू नये. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढले जे शिकलो ते मुंबईच्या एका जहाज-दुरुस्तीच्या कारखान्यात वायरमनच्या हाताखाली, आणि त्याहून पुढले सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो आणि हातातला पक्कड सुटला, पण तारेचे वेड सुटले नाही.

बोटीवरची बिनतारी तार पूर्वी कशी असे, ते सांगतो. दोन डोलकाठ्यांच्या शेंड्यांमध्ये लांबच लांब तारा ताणलेल्या असत. दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर, म्हणजे विजेने डोलकाठीवाटे पळून जाऊ नये. मधून एक तार खाली उतरे आणि छपरातल्या भोकातून बिनतारी खोलीत जाई. वर ही आकाशतार आणि खाली जमीन. समुद्रात जमीन कोठून आणावयाची? लोखंडी बोटीला अडचण नसे, तिचे सारे अंगच पाण्याला टेकलेले. लाकडी गलबताला मात्र पाण्याखालच्या अंगाला तांब्याचा पत्रा ठोकून त्याला तार जोडावी लागे. बोट डोलते, डोलकाठ्या मागेपुढे होतात, म्हणून तार सतारीसारखी कसून चालत नाही. थोडी ढील ठेवावी लागते, नाही तर पहिल्याच मोठ्या लाटेला ती तुटते. आणि इन्सुलेटरवर खारे पाणी उडून मिठाचे पापुद्रे धरतात ते वेळच्या वेळी पुसावे लागतात. यात दैवी असे काही नाही. चार हुशार हातांचे आणि नियमित देखभालीचे हे काम आहे. मार्कोनीने १८९६ साली विलायतेत पेटंटासाठी अर्ज केला आणि १९०१ च्या डिसेंबरात अटलांटिकपार इशारा पोचविला. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी तर १८९५ सालीच कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली होती. यंत्र नवे होते हा बहाणा १९०९ पर्यंत चालण्यासारखा होता. त्या वर्षी ‘रिपब्लिक’ नावाच्या बोटीला अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ टक्कर झाली. तिच्यावरच्या बिन्स नावाच्या तरुण तारवाल्याने मदतीची हाक घातली आणि दीड हजारांवर माणसे वाचली. त्यानंतर तो बहाणा संपला.

‘टायटॅनिक’ची गोष्ट सर्वांना माहीत आहे. चित्रपट निघाल्यापासून तर शाळेतली मुलेही ती सांगतात, आणि त्यात प्रेमकथाच अधिक सांगतात. कामगार म्हणून मला त्या रात्रीतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’वर फिलिप्स आणि ब्राइड हे दोन तारवाले होते. ते बोटीच्या कंपनीचे नोकर नव्हते, मार्कोनी कंपनीचे होते. आजच्या भाषेत कंत्राटदाराची माणसे. दिवसभर श्रीमंत उतारूंच्या खुशालीच्या तारा पाठविणे हा त्यांचा मुख्य धंदा होता. जवळच ‘कॅलिफोर्नियन’ नावाची बोट बर्फात थांबलेली होती. तिच्यावर तारवाला एकच. तो सकाळपासून यंत्राशी बसलेला होता, रात्री साडेअकराच्या सुमारास कानाचे यंत्र उतरवून झोपला. थोड्याच वेळात ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली. मदतीच्या हाका आकाशात घुमत राहिल्या आणि सर्वांत जवळची तार मुकी पडून राहिली. जी ‘कार्पेथिया’ धावून आली ती सुमारे ५८ मैलांवर होती. तिचाही तारवाला एकच. तो झोपावयाच्या तयारीत होता, केवळ योगायोगाने कान यंत्राला लावलेले होते. त्या योगायोगावर सातशेंवर माणसे जगली आणि सुमारे दीड हजार बुडाली. फिलिप्स शेवटपर्यंत तारा पाठवीत राहिला, तो परतला नाही.

डोलकाठीवर तार बांधली म्हणजे बोट ऐकू लागते असे नाही. ऐकतो तो माणूस, आणि माणसाला झोप लागते. चोवीस तास ऐकावयाचे असेल तर पाळ्या पाहिजेत, पाळ्यांना माणसे पाहिजेत, माणसांना पगार पाहिजे. आठ तासांच्या दिवसासाठी भांडणाऱ्या आम्हा लोकांना गिरणीच्या दारात जे सांगावे लागते, तेच अटलांटिकच्या मध्यभागी दीड हजार मुडद्यांनी सांगितले. २० जानेवारी १९१४ रोजी लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात बोटीवर बिनतारी यंत्र आणि त्यावर पहारा या दोन्ही गोष्टी आल्या. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तो करार कपाटात गेला. १९२९ साली तो नव्याने झाला. सर्व उतारू बोटी आणि सोळाशे टनांवरच्या मालबोटी यांना यंत्र सक्तीचे ठरले. परंतु त्यात एक मेख होती. हा करार एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या बोटींपुरता होता. मुंबईहून एडनला जाणारी बोट त्यात बसत होती. मुंबईहून रेवसला जाणारी बसत नव्हती.

आपणा होऊन कोणी यंत्र बसविले असते, तर? तेही सोपे नव्हते. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून असे यंत्र नुसते बाळगणेही गुन्हा ठरविले होते. सरकारला आपल्या माणसांनी ऐकलेले चालत होते, बोललेले नको होते. नभोवाणीचा संच घरात ठेवावा, वर्षाची फी भरावी आणि गाणी ऐकावीत. परंतु संदेश सोडणारे यंत्र म्हणजे बंदुकीच्या जातीची वस्तू. ही भीती अगदीच निराधार होती असेही नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी तुरुंगात गेल्यावर उषाबेन मेहता आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी मुंबईतच गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. जागा बदलीत बदलीत तो २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिला. ज्या शहरात विद्यार्थ्यांनी भाड्याच्या खोलीत आकाशतार उभारली, त्या शहरात ती बोटीवर उभारणे कारागिरीच्या दृष्टीने अवघड होते, असे कोणी सांगू लागला तर मी मानणार नाही.

दुसरा दाखला अधिकच बोलका आहे. कुलाब्याला ‘तलवार’ नावाचे नाविक दलाचे ठाणे होते. ते बोटीवरच्या संदेशवाहकांना शिकविण्याचे विद्यालय. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तेथल्या खलाशांनी वाईट अन्न आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या यांविरुद्ध संप पुकारला. सुरुवात नेमकी संदेशवाहकांनी केली, हा मला मोठा अर्थपूर्ण योग वाटतो. ही पोरे शिकलेली होती, जगाच्या बातम्या त्यांच्या कानांवरून रोज जात होत्या. संपाची बातमी बोटीवरून बोटीवर याच तारांनी गेली. बघता बघता ७८ बोटी, किनाऱ्यावरची २० ठाणी आणि सुमारे २० हजार नाविक त्यात सामील झाले. मध्यवर्ती संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे सिग्नलमन आणि उपाध्यक्ष मदन सिंग हे टेलिग्राफिस्ट. २२ फेब्रुवारीला मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आले आणि त्या दोनतीन दिवसांत शहरात दोनशेंहून अधिक माणसे गोळीबारात पडली. पुढाऱ्यांनी नाविकांना शरण जावयास सांगितले ते योग्य की अयोग्य, यावर मी तासभर बोलू शकतो, पण आज बोलत नाही. लक्षात एवढेच ठेवावयाचे की, फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबई बंदरात डोलकाठी-डोलकाठीवर तार होती आणि ती हाताळणारी शेकडो हिंदी माणसे होती.

तेथून सतरा महिन्यांनी, १७ जुलै १९४७ रोजी, ‘रामदास’ बुडाली.

ही बोट कोणा परक्या जुलमी कंपनीची नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. गोऱ्यांच्या बोटींच्या मक्त्याला तोंड देण्यासाठी स्वदेशीच्या भरात निघालेली ती कंपनी. कोकणातली माणसे तिला कौतुकाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. ‘रामदास’ १९३६ साली विलायतेत बांधलेली, १७९ फूट लांब आणि २९ फूट रुंद. दिवस अमावास्येचा, आषाढ संपत आलेला. सणाला घरी निघालेले चाकरमाने, बाजार आटोपून परतणारे लोक, बायका, मुले असे जवळजवळ सातशे उतारू सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून निघाले. रेवस म्हणजे दीड-दोन तासांची वाट. मुंबई अजून मागे दिसत होती तोच वारा उठला. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. पावसाच्या माऱ्याने माणसे एका बाजूला सरकली, आणि एक प्रचंड लाट अशी आली की बोट पुन्हा सावरली नाही. सहाशेंहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गिरणगावात अशा कित्येक खोल्या होत्या की जेथे १५ ऑगस्टला दिवा लावावयास कोणी राहिले नव्हते.

‘रामदास’वर बिनतारी यंत्र नव्हते. बोट सकाळी बुडाली आणि मुंबई आपल्या कामात गढलेली राहिली. बंदरात आगबोटी उभ्या होत्या, पडाव होते, नाविक दलाच्या बोटी होत्या, त्यांवर ऐकणारे कान होते. पण ऐकावयास कोणी हाकच घातली नव्हती. त्या पाण्यात लोकांना उपयोगी पडले ते रेवसचे कोळी. मासळी घेऊन ते मुंबईच्या बाजाराला निघाले होते. तरंगणारी माणसे दिसताच त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतली आणि जागा करून माणसे ओढून घेतली. दिवसाची कमाई पाण्यात फेकताना त्यांनी कोणाला विचारले नाही. मुंबईला बातमी लागली ती दुपार उलटून गेल्यावर, पोहत आणि वाहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांच्या तोंडून. अलिबागकडचा एक दहा-बारा वर्षांचा मुलगा वाहत वाहत थेट गेटवेला लागला. म्हणजे असे पाहा: १८७० सालापासून समुद्राच्या तळाच्या केबलने लंडनची बातमी मुंबईला तारेने येत होती, आणि त्या बातमीच्या सत्याहत्तर वर्षांनंतर नऊ-दहा मैलांवरची बातमी एका पोराने अंगावर वाहून आणली.

तार असती तर सगळे वाचले असते काय? नाही. बोट फार थोड्या वेळात गेली, आणि त्या उधाणात मदतीची बोट तेथवर पोचावयास वेळ लागलाच असता. पण जे तास न् तास फळीला धरून तरंगत होते, थंडीने ज्यांचे हात सुटले, त्यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. त्यांना सकाळी बोट बुडवून गेली आणि दुपारी मुकेपणाने बुडविले. कंपनीने कायदा मोडला नव्हता, कायद्यानेच तो खर्च मागितला नव्हता. स्वदेशीच्या नावाखाली आपली म्हणून जी माणसे कारखाने चालवितात, त्यांच्या दारात मी पुष्कळ वेळा उभा राहिलो आहे. तेथेही मला हेच उत्तर मिळते, की कायद्यात बसते तेवढे आम्ही करतो. ‘रामदास’च्या निमित्ताने मला त्या उत्तराची किंमत कळते.

पुढे चौकशी झाली, पावसाळ्यातली ही वाहतूक बंद ठेवण्याचा आणि उतारू बोटींवर बिनतारी यंत्र ठेवण्याचा आग्रह आला. स्वतंत्र भारताचा नौवहन कायदा १९५८ साली झाला आणि त्यात बिनतारी यंत्राची कलमे आली. उतारूंच्या आणि मालाच्या बोटींना वाचा फुटली. पण ज्या कोळ्यांनी ‘रामदास’ची माणसे काढली, त्यांच्या होड्या त्या कलमांत नव्हत्या.

त्यांच्याकडे आधी पोचला तो ट्रान्झिस्टर. होड्यांना इंजिने बसली, दूरवर जाता येऊ लागले, आणि नाळेवर टांगलेल्या ट्रान्झिस्टरवरून आकाशवाणीचा हवामानाचा इशारा ऐकू येऊ लागला. ही मोठी सोय झाली यात शंका नाही. पण ती एकमार्गी होती. किनारा सांगणार आणि होडी ऐकणार. होडीला उलट बोलता येत नव्हते. १९३३ च्या सरकारला जे पसंत होते तेच तीसचाळीस वर्षे परिस्थितीने चालू ठेवले.

पुढे आले व्हीएचएफ संच. आकाराने शिदोरीच्या डब्याएवढा, ताकद पंचवीस वॅट, आणि संकटाच्या हाकेसाठी सोळा नंबरचा चॅनेल, जो साऱ्या जगात एकच. येथे मी थोडा वायरमन होतो, माफ करा. हा संच विकत घेणे म्हणजे निम्मे काम. या लहरी प्रकाशासारख्या सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालीत नाहीत. म्हणून अँटेना जितका उंच तितका पल्ला लांब. होडीवर चार मीटर उंचीवर अँटेना असेल तर त्याचे क्षितिज सुमारे आठ किलोमीटर. किनाऱ्यावरचा अँटेना शंभर मीटर उंच टेकडीवर असेल तर त्याचे सुमारे एक्केचाळीस. दोन्हींची बेरीज एकोणपन्नास, तेवढ्यावर बोलणे होते. होडी-होडीत मात्र सोळाच. हा हिशेब तांडेलाला कोणी समजावून सांगत नाही, आणि मग यंत्र वाईट आहे असे ठरते.

दुसरी गोष्ट केबलची. संचापासून डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत पंधरा मीटर बारीक केबल टाकली, तर पंचवीसांतले साडेबारा वॅट वाटेतच जिरतात. जाड केबल घेतली तर पाऊण भाग वर पोचतो. दोन्हींच्या किमतीत फरक आहे, म्हणून बारीक केबल टाकली जाते. सांधा उघडा राहिला तर खारे पाणी केबलच्या जाळीतून आतल्या आत चढत जाते आणि तांबे हिरवे पडते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून सांध्यावर रबरी पट्टी ताणून गुंडाळावयाची, आणि केबिनीत शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्यावयाचा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत आत न जाता झोळाच्या तळाशी ठिबकते. आपल्या घरी पागोळीखाली जी अक्कल वापरतो तीच येथे. आणि अँटेनाच्या अंगाशी लोखंडी दोर, पत्रा, जाळी ओढण्याचे सामान येऊ द्यावयाचे नाही. हातभर तरी मोकळी जागा ठेवावयाची. पुष्कळ होड्यांवर मी पाहिले आहे, अँटेनालाच वाळत घातलेली जाळी. मुक्या माणसाला तोंड दिले आणि त्यात बोळा कोंबला, असे ते दिसते. दोष कोळ्यांचा नाही. यंत्र वाटणारा वाटून जातो, फोटो निघतो. बसविणारा, शिकविणारा आणि वर्षाने येऊन सांधे तपासणारा माणूस नेमलेला नसतो. यंत्राला अनुदान असते, देखभालीला नसते.

११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले. तारीख ध्यानात घ्या. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ बुडाल्या तीच, मध्ये ब्याऐंशी वर्षे. खडकी-लंडन मागे पडले होते. माणसाच्या खिशात दूरध्वनी आले होते, आकाशात उपग्रह फिरत होते. तरीही रत्नागिरी जिल्ह्यातले कित्येक खलाशी परत आले नाहीत. खिशातला फोन किनारा सोडून काही मैल गेले की मुका होतो. दूरच्या पाण्यात पुन्हा डोलकाठीवरच्या तारेवरच भिस्त.

इस्रोने मच्छीमारांसाठी केलेले संकट-इशाऱ्याचे यंत्र २०१० पासून वापरात आले. बटण दाबले की होडीचा ठावठिकाणा उपग्रहावाटे चेन्नईच्या तटरक्षक दलाच्या केंद्राला कळतो. त्यातही पहिल्या यंत्रात एक उणीव होती, आणि ती पाहून मला ट्रान्झिस्टरची आठवण झाली: ही हाक एकमार्गी होती. आता होडी बोलत होती, पण तिकडे कोणी ऐकले की नाही हे तिला कळत नव्हते. अंधारात, पाण्यात, बटण दाबून बसलेल्या माणसाला ‘मिळाले, येतो’ एवढा शब्द किती लागतो, हे संपाच्या दिवसांत एकट्या पडलेल्या कामगाराला विचारा. जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या पिढीचे यंत्र निघाले, त्यात ही पोच परत येऊ लागली. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरला देशातल्या एक लाख मासेमारी होड्यांवर दुतर्फा बोलणारी यंत्रे बसविण्याच्या योजनेची सुरुवात झाली.

परंतु २०२१ चा मे महिना मला यापुढे सुखाने जाऊ देत नाही. ‘तौक्ते’ वादळ येत असल्याचे इशारे आधीपासून मिळत होते. मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ नावाचा तराफा नांगरलेला होता, त्यावर २६१ माणसे. वेल्डर, फिटर, स्वयंपाकी, बहुतेक कंत्राटी. तेथे यंत्राची वाण नव्हती. इशारा पोचलेला होता. इतर तराफे सुरक्षित जागी गेले, काही जवळपासच राहिले, हा त्यांतला. १७ मेच्या वादळात नांगर सुटले आणि तो बुडाला. नाविक दलाने खवळलेल्या समुद्रातून १८० हून अधिक माणसे जिवंत काढली, सत्तरहून अधिक गेली. ‘रामदास’वर बोलता येत नव्हते. येथे ऐकलेले होते, बोललेलेही होते. निघावयाचे की थांबावयाचे हे ठरविण्याचा अधिकार मात्र तराफ्यावर झोपलेल्या वेल्डरकडे नव्हता. यंत्राच्या इतिहासात या माणसाचे नाव कोठे येत नाही.

मासेमारी होडीवरही तोच पेच निराळ्या वेषात आहे. पुष्कळ ठिकाणी खलाशाला पगार नसतो, वाटा असतो. डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा जाऊन जे उरेल त्यातला वाटा. समजा, होडी निघून दोन दिवस झाले, जाळी अजून रिकामी, आणि डोलकाठीवरच्या तारेने सांगितले की परत फिरा. तांडेल परत फिरला तर डिझेल जळलेले, बर्फ वितळलेला आणि वाटा शून्य. तो फिरला नाही तर काय होते ते आपण ऐकलेच. मच्छीमार सोसायट्यांपुढे मी हा विषय काढतो तेव्हा यंत्राविषयी सगळे उत्साहाने बोलतात. कोठे बसवावे, बॅटरी कोठे ठेवावी, बटण पोरांच्या हाती लागू नये म्हणून काय करावे, सारे विचारतात. इशाऱ्यावरून रिकाम्या परतलेल्या फेरीचा खर्च कोणाच्या खाती लिहावयाचा, हे विचारले की सभा शांत होते, आणि कोणी तरी उठून चहा सांगतो.